गाईड, जरा थांबा!

गणेशोत्सवात पुण्याच्या पेठांतून गाईडबरोबर पायी फिरायचं असेल तर संध्याकाळची फेरी घेऊ नका. सकाळी सातच्या आत निघा. संध्याकाळी सहानंतर लक्ष्मी रस्त्यावर गाईडचं बोलणं शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू येत नाही. गर्दी ढकलेल तिकडे आपण जातो आणि घरी येऊन सांगतो, मानाचे पाचही गणपती पाहिले. पाहिलेले नसतात. पुढच्याच्या डोक्यावरून मोबाइल उंच धरून फोटो काढलेले असतात, एवढंच.

सकाळी मांडवांचे पडदे अर्धेच वर गेलेले असतात. रात्रभर जागलेला एखादा कार्यकर्ता प्लॅस्टिकच्या खुर्चीतच कलंडलेला असतो. महापालिकेच्या सफाई कामगार बायका कागदी द्रोण, कणसांची बुरकुंडं आणि तुटलेल्या चपला झाडून ढीग लावत असतात. दहा दिवसांच्या उत्सवात सगळ्यात आधी उठणाऱ्या ह्या बायकांचा उल्लेख एकाही फेरीत होत नाही. गाईडनं निदान त्यांच्या खराट्याच्या आड येऊ नये आणि तीस जणांचा घोळका त्यांनी नुकत्याच झाडलेल्या जागेवर चहाचे कप टाकणार नाही, एवढं बघावं.

मी ह्या फेऱ्यांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. एरवी पुणेकर कसब्यातून जातो तो दुचाकीवरून, हॉर्न वाजवत. पार्किंग मिळालं नाही म्हणून चडफडत परत फिरतो. उत्सवात रस्ते बंद होतात आणि सगळं शहर नाइलाजानं का होईना, पायांवर येतं. हडपसरचा, निगडीचा, खराडीच्या टॉवरमधला माणूस वर्षातून एकदाच जुन्या पेठांत हळू चालतो. त्या दोन-तीन तासांत त्याला काय सांगायचं, ही मोठी जबाबदारी आहे. आणि बहुतेक फेऱ्या ती पार पाडत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात शनिवारवाड्यापासून होते. दिल्ली दरवाज्यासमोर गाईड सांगतो, 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी, 1732 ला वास्तुशांत, 1828 च्या आगीत आतले मजले खाक. इथवर ठीक. मग त्याचा आवाज खाली येतो आणि पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी किंकाळी सुरू होते. मुलं आईला बिलगतात, मोठी माणसं गालात हसतात आणि फेरी पुढे सरकते. झाला नारायणराव पेशव्यांचा इतिहास.

नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला. भाद्रपद चालू होता, वाड्यात गणपतीचा उत्सव होता. उत्सवी फेरीत सांगायला याहून नेमकी गोष्ट कुठून आणणार? अठरा वर्षांचा पेशवा. थकलेल्या पगाराचा गलका करत भरदिवसा आत घुसलेले गारदी. काकांच्या महालाकडे जीव घेऊन धावणारा मुलगा. आणि त्याच्यावर पडलेला वार आपल्या अंगावर घ्यायला धावलेला चापाजी टिळेकर नावाचा सेवक, जो तिथंच मारला गेला. चापाजीचं नाव मी कोणत्याही गाईडच्या तोंडून ऐकलेलं नाही. भुताचं मात्र दरवेळी. एका बाईच्या माथी सगळं पाप मारणारी ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्टही प्रत्येक फेरीत असते, पण तिला भक्कम पुरावा नाही हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही.

आणि रामशास्त्री प्रभुणे? सत्तेवर बसलेल्या ह्याच काकांना न्यायाधीशानं खुनासाठी दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. ही ह्या शहराची सगळ्यात ताठ मानेनं सांगण्यासारखी गोष्ट. ती सांगायची तर किंकाळीची दोन मिनिटं कापावी लागतील. कापा.

लाल महालापाशी एवढंच म्हणते, समोर दिसते ती इमारत 1980 च्या दशकात महापालिकेनं बांधलेली आहे, हे लोकांना सांगा. शिवाजी महाराजांचं बालपण ह्याच परिसरात गेलं आणि 5 एप्रिल 1663 च्या रात्री शायिस्तेखानावर छापा इथंच पडला. हे खरं असताना, नव्या भिंतीला हात लावून ‘हीच ती भिंत’ म्हणायची काय गरज?

आता कसबा. मानाचा पहिला गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. देऊळ जिजाबाईंनी बांधवलं अशी परंपरा. दर्शन झालं की फेरी बहुधा घाईनं तांबट आळीकडे वळते आणि तिथं माझा जीव खालीवर होतो.

तांबट आळीत उभं राहून बघण्यासारखं काय आहे ते नीट बघा. कारागीर तांब्याचं भांडं लोखंडी खुंट्यावर चढवतो आणि गोल तोंडाच्या हातोडीनं ठोकत जातो. प्रत्येक ठोक्याला नखाएवढा एक चकचकीत ठिपका उमटतो. एका हाताची हातोडी थांबत नाही आणि दुसरा हात भांडं केसभर फिरवत राहतो. ठिपक्याला ठिपका लागून ओळ, ओळीला ओळ लागून वेढा, असा तळापासून काठापर्यंत. ह्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेसाठी नसतं. ठोकल्यानं पत्रा घट्ट होतो, भांड्याला ताकद येते. ठोका चुकला तर नजरेआधी तो कानाला कळतो, आवाज बदलतो. पेशवाईत इथं वसलेल्या ह्या लोकांनी पुण्याच्या घराघरांत बंब, घंगाळं, तपेली, कळशा पुरवल्या. पुढे प्लॅस्टिक आलं, गीझर आला आणि आळीतल्या हातोड्या कमी होत गेल्या.

अशा ठिकाणी फेरी पाच मिनिटं थांबते. पंचवीस मोबाइल कारागिराच्या तोंडासमोर जातात. कुणी विचारत नाही, दादा, काढू का फोटो? एक बाई म्हणते, ‘जरा पुन्हा मारा ना, व्हिडिओ नीट नाही आला.’ तो माणूस कामाच्या ठिकाणी बसला आहे, पोटासाठी. तुम्ही भरलेल्या फीमधलं काही त्याच्या आळीत राहतं का, हा प्रश्न गाईडला उघड विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर निदान एक तांब्या विकत घ्या. तेही नको असेल तर फोटो न काढता दोन मिनिटं शांत उभे राहा आणि निघा. आळी म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे.

पुढे सगळ्यात अवघड जागा येते, सार्वजनिक गणेशोत्सव सुरू कुणी केला आणि का. फेरीतलं उत्तर एका ओळीत मावतं: टिळकांनी इंग्रजांविरुद्ध लोकांना एकत्र आणण्यासाठी. ओळ सोपी आहे, शाळेच्या पुस्तकातली आहे, ऐकून सगळ्यांना बरं वाटतं. पण शहर एका ओळीत मावत नाही.

पुण्यातले खासगीवाले ग्वाल्हेरला गेले, तिथला थाटाचा दरबारी उत्सव पाहून आले आणि असं काही पुण्यात करावं असं त्यांच्या मनानं घेतलं. भाऊसाहेब रंगारी ह्या नावानं ओळखले जाणारे वैद्य भाऊ लक्ष्मण जावळे, घोटवडेकर, अशी मंडळी त्यात होती. रंगारींचं मंडळ आपली स्थापना 1892 ची सांगतं, बाकी बरेच जण 1893 धरतात. 2017 मध्ये महापालिकेनं उत्सवाचं सव्वाशेवं वर्ष साजरं केलं तेव्हा ह्यावरून जाहीर वाद झाला. टिळकांनी ‘केसरी’तून पाठबळ दिलं, 1894 ला स्वतः विंचूरकर वाड्यात गणपती बसवला आणि पुढे 1905 पासून तो गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात बसू लागला. टिळकांचं मोठेपण ह्यानं तसूभरही कमी होत नाही. उत्सवाला राजकारणाचं बळ त्यांनीच दिलं. पण रंगारींच्या वाड्यासमोर उभं राहून, राक्षसाला मारणाऱ्या त्या वेगळ्याच मूर्तीकडे बोट दाखवून, रंगारींचं नाव नुसतं उच्चारून पुढे जाणं हा अन्याय आहे.

आणि 1893 ची दुसरी बाजू. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. तोवर पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेनं भाग घेत. ताबुतांपुढं वाजवणारे, गाणारे, नाचणारे कित्येक हिंदू असत. दंगलीनंतर ताबुतांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली आणि सार्वजनिक गणपतीला जोर आला. ताबुतांपुढचे मेळे गणपतीपुढे आले. हे सांगितलं की उत्सवाची बदनामी होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी गुरुजी तालमीपाशी थांबावं. मानाचा तिसरा. मंडळ आपली स्थापना 1887 ची सांगतं, म्हणजे दंगलीच्या सहा वर्षं आधीची. आणि संस्थापकांत शेख कासम वल्लाद हे नाव मंडळच अभिमानानं घेतं. दोन्ही गोष्टी ह्याच शहरात, दहा वर्षांच्या आत घडल्या. त्या एका दमात सांगता येतात, ऐकणाऱ्याला पेलतात. मी लोकांना ते ऐकताना पाहिलं आहे. घोळक्यातली कुजबुज थांबते, मोबाइल खाली येतात आणि कुणीतरी विचारतं, ‘मग पुढे काय झालं?’ गाईड हे टाळतो, कारण फेरीच्या शेवटी त्याला पाच तारे मागायचे असतात. वादाची गोष्ट सांगितली तर एखादा तारा कमी पडेल, ही भीती. म्हणून सगळ्या शहराला तो साखरेच्या पाकात बुडवतो.

जाता जाता पायाखालचंही सांगून टाकते. मांडवाचे खांब रोवायला रस्त्याला पहार लागते तेव्हा खाली काय आहे, हे पहार मारणाऱ्याला ठाऊक नसतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या चिरेबंदी नळानं पुण्यात पाणी आणलं होतं. कुठंही पंप नाही, नुसता उतार. वाटेत हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास आणि शहरात ठिकठिकाणी हौद. काळा हौद, बदामी हौद ही नावं लोकांच्या पत्त्यांत आजही आहेत. ह्या नळाचे भाग अजून पेठांखाली आहेत. विसर्जनासाठी पालिका दरवर्षी हौद मांडते, त्या हौदाशेजारी उभं राहून हा जुना हौद सांगणं किती सोपं आहे! पण खाली बघायला सांगणारा गाईड विरळा.

आता बायकांचा प्रश्न. फेरी तीन-तीन तास चालते. फेरीत निम्म्याहून जास्त बायका असतात, त्यातल्या कित्येक साठीच्या पुढच्या. लाखो माणसं येणार हे वर्षभर आधी माहीत असलेल्या ह्या पेठांत उत्सवाच्या काळात बाईला जाता येईल असं स्वच्छ स्वच्छतागृह शोधणं हीच एक वेगळी फेरी होते. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मुद्दाम. मी विचारलं आहे, म्हणून सांगते. 2025 मध्ये सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं. चांगली गोष्ट. मग राज्य महोत्सवात बाईला पाणी प्यायची मुभा असावी. फेरी आयोजित करणाऱ्यांनी मार्ग आखताना आधी स्वच्छतागृहं नकाशावर मांडावीत आणि मग गणपती. कुठल्याशा लॉजच्या काउंटरवर गयावया करायची पाळी कुणावर आणू नये.

मंडई. 1886 साली उघडली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं होती. आज ती महात्मा फुल्यांच्या नावानं आहे. नगरपालिकेचे सदस्य असताना ह्या बांधकामावरच्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत स्वतः जोतीराव होते. एवढा पैसा आधी लोकांच्या शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक निघते तीही इथूनच, मंडईजवळच्या टिळकांच्या पुतळ्यापासून. फुले आणि टिळक एकमेकांच्या विरोधातले, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि मतभेद खरेच खोल होते. पण 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला तेव्हा जामिनाला उभे राहिले ते रामशेठ उरवणे, जोतीरावांचे स्नेही आणि सत्यशोधक. मंडईच्या चौकात, पुतळ्याकडे बघत, ही गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं शहर क्षणात बदलतं. त्याला कळतं की ह्या पेठांतली माणसं एकमेकांशी कडकडून भांडत होती आणि अडीअडचणीला एकमेकांच्या दारात उभीही राहत होती. मी ही गोष्ट फेरीत एकदाच ऐकली आहे, एका विशीतल्या मुलीकडून. महाविद्यालयात शिकते, सुट्टीत गाईडचं काम करते. तिनं कुठलाही कागद बघितला नाही. तिच्यासारख्यांना मंडळांनी बोलवावं, जास्त पैसे द्यावेत.

एक जागा मी मुद्दाम मागे ठेवली होती.

दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर फेरी सगळ्यात जास्त वेळ थांबते. सोनं, रोषणाई, समोर मैलभर वाटणारी रांग. इथं बऱ्याच गाईडांच्या तोंडी असतं की दगडूशेठांचा मुलगा प्लेगात गेला आणि त्या दुःखातून 1893 साली हा गणपती बसला. बापाचं दुःख खरं आहे, त्यापुढं मी मान झुकवते. पण प्लेग पुण्यात पोचला तो 1896 च्या अखेरीस. 1893 च्या गणपतीला 1896 चा प्लेग कारण कसा होईल? गाईडनं दोन तारखा एकदा शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर हे त्याचं त्यालाच दिसलं असतं. ऐकणाऱ्यांनीही टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारायला हरकत नाही.

आणि मग गाईड म्हणतो, ‘चला, पुढे तुळशीबाग.’ घोळका वळतो. वळताना कुणीही रस्त्याच्या पलीकडे बघत नाही.

पलीकडे भिडेवाडा होता. तात्यासाहेब भिड्यांनी दिलेल्या ह्या वाड्यात 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सार्वजनिक गणपती बसायला अजून चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं होती. ह्याच रस्त्यानं सावित्रीबाई शाळेत जायच्या. अंगावर शेण-चिखल फेकला जाई. वाडा वर्षानुवर्षं खितपत पडला, खाली दुकानं, वर ढासळलेल्या भिंती, कोर्टकज्जे. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडला. म्हणजे बघायला आता जुनी वीटही नाही. पण शनिवारवाड्यात तरी काय उरलं आहे? जोती आणि तट. तिथं गाईड हवेत मजले उभे करतो, कारंजी उडवतो, दिवे लावतो. मग इथं एक खोली उभी करायला, त्यात काही मुली बसवायला आणि शिकवायला उभी राहिलेली एक तरुण बाई दाखवायला त्याला काय अडचण आहे?

दर्शनाच्या रांगेत सगळ्यात जास्त कोण असतं ते बघा. बायका आणि मुली. हातात पावतीपुस्तक घेऊन उभी असलेली कार्यकर्ती, पथकात कमरेला ढोल बांधलेली इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नातीला फलक वाचून दाखवणारी आजी. ह्यातल्या प्रत्येकीला अक्षर मिळालं ते रस्त्यापलीकडे सुरू झालेल्या कामातून. आणि रांग वळते अशी की त्यांच्या पाठी नेमक्या त्या बाजूला असतात. ह्यात रांगेतल्या कुणाचाही दोष नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

पेठांतल्या मंडळांना माझी सरळ विनंती आहे. सामाजिक देखावे तुम्ही मोठ्या हौसेनं करता. जिवंत देखाव्यांसाठी महिनाभर तालमी करता, आरोग्य शिबिरं घेता, पूर आला की ट्रक भरून धान्य पाठवता. हे सगळं मी बघत आले आहे. दर्शनाच्या रांगेत माणूस तासन् तास उभा असतो. ध्वनिक्षेपक तुमच्याकडे आहे, सूचना देणारा निवेदकही आहे. ‘पाकीट सांभाळा, लहान मुलांचा हात सोडू नका’ हे तो रात्रभर सांगतच असतो. 1848 ची गोष्ट सांगायला चार मिनिटं लागतात.